गच्चीवर गाव वसवावं कसं

शनिवारी सकाळी गावाकडे निघावं तर खंबाटकी घाटातच दोन तास जातात. पोचल्यावर दिसते ती पेव्हर ब्लॉकची गल्ली, घराघरावर काळी प्लॅस्टिकची टाकी आणि चावडीमागे मोबाइलचा टॉवर. आपल्या मनातलं गाव तिथे नसतंच. तिथल्या लोकांनी ते केव्हाच पाडून स्लॅब टाकलाय. तेव्हा ज्यांना कौलं, कंदील, बाज आणि मांडवावरचा दोडका हवाच आहे, त्यांनी पेट्रोल जाळण्यापेक्षा लिफ्टने वर जावं. शेणाचा वास आवडतो, पण चपलेला लागलेलं शेण आवडत नाही, अशा सर्व शहरवासीयांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

पूर्वानुभवाची अट नाही. उलट ज्यांनी खरोखर शेती केली आहे त्यांनी हे वाचू नये; त्यांना मध्येच हसू येतं आणि बाकीच्यांचं लक्ष उडतं. लागणारं साहित्य मोजकं आहे: पाच-सहाशे चौरस फूट गच्ची, थोडी माती, बरेच पैसे आणि संध्याकाळी 'आता हे कशाला?' असं न विचारणारी घरातली माणसं. यातलं शेवटचं बाजारात मिळत नाही, म्हणून आधी तेवढं तपासून घ्या.

पायरी पहिली: ताबा

गच्ची तुमची नाही. हे आत्ताच समजून घेतलेलं बरं, नाहीतर पुढे ते नोटीस बोर्डावर वाचावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मोकळी गच्ची सामाईक असते, म्हणजे ती सगळ्यांची असते, आणि सगळ्यांची असल्यामुळे तिला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी आठवडाभर ऑफिसात असतात आणि शनिवार-रविवारी गावाला, खऱ्या गावाला, जातात.

परवानगीचा रीतसर रस्ता वार्षिक सर्वसाधारण सभेतून जातो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते. त्यामुळे ती एखाद्या रविवारी सकाळी दहाला बोलावली जाते, कोरमअभावी तहकूब होते आणि साडेदहाला त्याच जागी, त्याच नऊ माणसांत पुन्हा भरते. तुमचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात येईल. त्याआधी पार्किंग, भटकी कुत्री आणि बी विंगला कमी दाबाने येणारं पाणी यांवर दोन तास गेलेले असतात. लोकांना भूक लागलेली असते. हीच वेळ साधा. गांडूळखताचा उल्लेख मात्र विसरू नका. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्य जलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असला तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असले तर १० टक्के सूट देते. सूट म्हटल्यावर सभा काही क्षण तुमच्या बाजूची होते. तेवढ्यात ठराव मांडून अनुमोदन घ्या.

विरोध करतील ते सगळ्यात वरच्या मजल्यावरचे काका. त्यांना हसू नका. या सगळ्या प्रकरणात त्यांचीच बाजू भक्कम आहे. तुमच्या गावाची जमीन म्हणजे त्यांचं छत. इथून पुढे त्यांच्या बेडरूमला कुठेही ओल आली, पोपडा पडला, ट्यूबलाइट जरी फडफडली, तरी ते तुमच्या वांग्यांचंच काम. म्हणून पहिली कुंडी वर नेण्याआधी त्यांच्याकडे चहाला जा आणि त्यांच्या छताचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. काकूंना सांगा, वास्तूच्या दृष्टीने काढतोय.

पायरी दुसरी: वजन

इथे थोडं थांबावं लागेल, कारण स्लॅबला विनोद कळत नाही.

माणसांची ये-जा असलेल्या सपाट छपरावर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो जादा भार येईल, असं आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे धरतात. चांगली भिजलेली माती घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते. म्हणजे हौसेने एक फूट जाडीचं 'शेत' पसरलंत तर चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर भार झाला. सगळं गाव एका रात्रीत खाली काकांकडे राहायला जाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून त्यात माती भरली, तर अर्धा ड्रम पाणी प्यायल्यावर दीडशे किलोंच्या पुढे जातो. असे ड्रम ठेवायचेच असतील तर कडेने, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथेच ठेवावेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवा. त्याची फी ऐकून जो धक्का बसतो, तो नंतरच्या धक्क्यापेक्षा कमी असतो.

गच्चीवरची फरशी ही शोभेची वस्तू नाही, हेही लक्षात घ्या. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझेक, असा जो थर जुन्या इमारतींवर असतो, तो पाणी अडवायला असतो. त्यात मांडवाचा खांब ठोकायला ड्रिल लावू नका. खांब सिमेंटने भरलेल्या डब्यात उभा करायचा. कुंड्या विटांवर, म्हणजे खालून वारा खेळेल आणि ओल कळेल. पाणी जाण्याच्या तोंडाशी जाळी हवीच. पहिल्या पावसात पालापाचोळ्याने ती नळी तुंबली की गच्चीचं तळं होतं, आणि तळं ही तुमच्या गावाची शोभा आहे हे काकांना पटवणं अवघड जातं.

पायरी तिसरी: माती

माती विकत घ्यावी लागते, हे ऐकून आजी जिवंत असती तर तिने कपाळाला हात लावला असता. नर्सरीवाला 'कोकणातली लाल माती' म्हणून जे पोतं देईल ते घ्या. ती कुठल्या बांधकामाच्या खड्ड्यातली आहे हे विचारू नका. काळी माती मात्र कुंडीत टाळा. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि कुंडी बिचारी मधल्या मध्ये फुटते.

खरं म्हणजे मातीची गरज वाटते त्यापेक्षा कमी असते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून हेच लोकांना शिकवलं. माणूस गणित शिकवणारा. त्यामुळे कमी जागेत, कमी मातीत किती पिकतं याचा हिशोब त्यांनी भावनेत न वाहता मांडला. पालापाचोळा, रसवंतीवाल्याकडची चिपाडं, स्वयंपाकघरातली सालं आणि वर मूठ-दोन मूठ माती, एवढ्यावर भाजी येते. वजन कमी, खर्च जवळजवळ नाही. आपल्याला अडचण एवढीच, की चिपाडं फोटोत चांगली दिसत नाहीत.

त्याच परंपरेतलं अमृतजल घरी करून पाहायला हरकत नाही. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. शेण ताजंच हवं. ऑनलाइन मागवलेल्या, पारदर्शक वेष्टनातल्या गोवऱ्या यासाठी चालत नाहीत; त्या कशासाठी चालतात ते मागवणाऱ्यालाच ठाऊक. गोठ्यातून शेणाची बादली आणताना लिफ्ट टाळा. जिन्याने जा. सात मजले चढताना तुम्हाला ग्रामीण जीवनाविषयी जे कळेल ते या लेखात कळणार नाही.

पायरी चौथी: गावपण

झाडं नंतर लावली तरी चालतात. फोटो आधी टाकायचे असतात, म्हणून सामान आधी.

बैलगाडीचं चाक हवंच. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव शाबूत असलेलं चाक आता गावात शोधून सापडत नाही, कारण गाड्यांना केव्हाच टायर आले. हायवेवरच्या हॉटेलांच्या दारात मात्र ती जोडीने उभी दिसतात. पुण्यात रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथे चाक मिळेल, कंदील मिळेल, जातं मिळेल आणि पितळी तपेलं तर तुमच्याच आईने दहा वर्षांपूर्वी मोडीत घातलेलं मिळेल. किंमत ऐकून आईला फोन करू नका.

जातं दगडी असतं. वजनाचं प्रकरण पुन्हा वाचा.

बाज घ्यायची ती सुंभाची. नवारीची अधिक मऊ, पण तिच्यात गावपण कमी. सुंभाच्या बाजेवर अर्धा तास पडल्यावर पाठीवर जी नक्षी उमटते, ती अस्सल असल्याची खूण. वापरून वापरून सुंभ सैल पडतो, बाजेची झोळी होते आणि तीत एकदा बसलेला पाहुणा दोघांनी हात दिल्याशिवाय उठत नाही. अशा वेळी गावाकडे पाहुण्याला लवकर सोडत नाहीत, असं सांगावं.

जमीन शेणाने सारवायची असेल तर आधी विचार करा. सारवण एकदा करून सोडायची गोष्ट नाही. ज्या घरात ते होतं तिथे आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी गुडघ्यावर बसून पुन्हा सारवत असे. ते 'कुणीतरी' कोण, हे घरात आधी ठरवा. 'आपण दोघं मिळून' असं ठरलं तर ते कुणीच नव्हे. चुलीचंही तेच. पिठलं-भाकरीला धुराचा वास हवा असतो, धूर नको असतो, आणि अग्निशमन दलाला हा फरक मान्य नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गच्चीवर खरंखुरं गाव एके काळी होतं. उन्हाळ्यात जुन्या साड्यांवर कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असत, गहू वाळत पडलेले असत, कावळे हाकायला एक पोर काठी घेऊन बसवलेलं असे, आणि रात्री सगळी बिऱ्हाडं गाद्या घेऊन वर झोपायला येत. त्या गावाला कुणाची परवानगी लागत नव्हती. मग सोसायटीने कुलूप लावलं. त्यानंतर चाळीस वर्षांनी आपण इंटिरिअर डिझायनरला बोलावून तेच मागतोय, फक्त कुरडया वगळून.

पायरी पाचवी: झाडं

सुरुवात मेथीपासून करा. स्वयंपाकघरातले मेथीदाणे पसरले तरी तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात एका माणसाला पुरेल एवढी भाजी मिळते. आत्मविश्वास वाढवायला दुसरं काही इतकं स्वस्त नाही. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन डाळी सुट्या कराव्या लागतात आणि मग आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात नवशिका रोज बोटाने माती उकरून बघतो आणि आलेला कोंब मोडतो. अळू, गवती चहा, पानओवा, कढीपत्ता ही गरीब झाडं आहेत, दुर्लक्ष सोसतात. वेलवर्गीय भाज्या, म्हणजे दोडका, कारलं, दुधी, काकडी, मृगाच्या आसपास लावाव्यात. टोमॅटो, वांगी, मुळा, पालक यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर मानवतो. गुलाब नर्सरीतच राहू द्या.

दुधी लावलात तर संध्याकाळची गावगप्पांची वेळ मोडेल, हे सांगून ठेवतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. लांब दांड्याचं नराचं, मागे बोटभर दुधी चिकटलेलं मादीचं. सातव्या मजल्यावर किडे पुरेसे येतीलच असं नाही, म्हणून नराचं फूल तोडून त्याचे पराग मादीच्या फुलावर स्वतः टेकवावे लागतात. शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीतून पाहत असतात. पाहू द्या.

ज्वारी लावून हुरडा पार्टी करण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. हिशोब करू. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल ज्वारी आली तर शेतकरी समाधानी असतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तुमच्या पाचशे चौरस फुटांत, सगळी कुंडी-बाज-चाक हलवून, पाच किलो ज्वारी येईल. त्यातली चार किलो कबुतरं खातील. उरलेल्या किलोच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. हुरड्याला बोलावलेल्या पाहुण्यांची संख्या त्यावरून ठरवा.

कीड येईलच. मिरचीवर फुलकिडे, वालावर मावा, जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण. निंबोळी अर्क फवारा, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. काही लोक किडीशी प्रेमाने बोलायला सांगतात. किडीला त्याचं काही नाही.

न लावता येणारं झाड एकच: पिंपळ. तो कठड्याच्या भेगेत पक्ष्यांच्या विष्ठेतून आपोआप येतो, पाण्यावाचून, खतावाचून, ठरावावाचून. त्याला हात लावायला कुणी धजत नाही. तुमच्या सगळ्या बागेपेक्षा इमारतीचं नुकसान तोच जास्त करेल, पण सभेत त्याचं नाव निघणार नाही.

याच सुमाराला इमारतीचे वॉचमन वर येतील. बहुधा बीडकडचे, जालन्याकडचे. दोन-तीन एकर कोरडवाहू भावाकडे टाकून आलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते कमरेवर हात ठेवून एकदा सगळीकडे बघतील आणि विचारतील, "साहेब, मांडव दक्षिणंला कशापायी घातला? हिवाळ्यात समद्या मिरच्या सावलीत जातील की."

त्यांचं बरोबर असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उंच वेल उत्तरेच्या कठड्याला आणि बुटकी झाडं त्याच्या पुढ्यात, असं लावायचं असतं. डिझायनरने मांडव दक्षिणेला घातला कारण तिकडून टेकडी दिसते. मामांना हे सांगितलंत तर ते टेकडीकडे बघतील आणि काही बोलणार नाहीत. मग मोबाइल काढून गावाकडच्या घराचा फोटो दाखवतील: घरकुल मंजूर झालं, यंदा स्लॅब पडला. पत्र्याखाली उन्हाळे काढलेला माणूस स्लॅबचा फोटो ज्या अभिमानाने दाखवतो, त्याच्यासमोर तुमच्या बांबूच्या कुडाचं एस्टिमेट काढू नका.

पायरी सहावी: पाणी आणि डास

पाणी टाकीचं असतं आणि टाकी सगळ्यांची असते, हे मार्चपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. टँकर सुरू झाला की येतं. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी वर नेत चला. लोकांना ते बादलीतून नेताना दिसेल असं बघा.

सजावटीचा रांजण आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यांकडे लक्ष ठेवा. डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करायच्या, रांजणात गप्पी मासे सोडायचे. महापालिकेचा माणूस तपासणीला आला की तो चाक बघत नाही, बाज बघत नाही. थेट ताटलीत टॉर्च मारतो. गच्चीवर येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांत जाणकार तोच.

पायरी सातवी: निवांतपणा

आता बसा. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री दहापर्यंत ऊन परत देत राहतो, तेव्हा बसता येणार नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात पुन्हा ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा हंगाम. त्यातून शेजारच्या लॉन्सवरच्या लग्नाच्या वराती वजा करा. उरलेल्या संध्याकाळी पाणी घालणं, पाचोळा वेचणं, मांडव बांधणं आणि दुधीची लग्नं लावणं यांत जातात. बाजेवर प्रत्यक्ष पडायला मिळतात दहा-पंधरा मिनिटं, आणि ती चांगली असतात, हे मान्य केलं पाहिजे. हाताला माती लागलेली असते आणि खालून कुणी मेंटेनन्सबद्दल हाक मारेपर्यंत जग ठीक असतं.

एका वांग्याची किंमत काढू नका. काढलीत तर घरात सांगू नका.

एवढ्यावरही उत्साह टिकलाच, तर उन्हाळ्यात आठवडाभर बाहेरगावी जाताना गच्चीची किल्ली मामांकडे द्या. मांडव कुठे हवा, खत कधी घालावं, हे त्यांना सांगण्याऐवजी त्यांना विचारा, आणि या कामाचे पैसे पगाराव्यतिरिक्त रोख द्या. परत आल्यावर झाडं तुम्ही ठेवून गेलात त्यापेक्षा बरी दिसतील. चार वांगी कमी दिसली तर मोजायला बसू नका.